बॅटरी बदलण्याआधी : फोनमधल्याच बॅटरी सेटिंगचा दोन महिन्यांचा अनुभव

दुपारी साडेतीन वाजता माझ्या फोनमध्ये ११ टक्के बॅटरी उरलेली असे आणि रात्रीच्या डब्यांच्या ऑर्डरी साडेचारनंतर यायला लागतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात घरूनच पोळीभाजीचे डबे देणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या दृष्टीने फोन हेच दुकानाचे काउंटर आहे. ऑर्डर त्याच्यावर येते, पैसे त्याच्यावर जमा होतात आणि डबा पोहोचवणारा मुलगा पत्ता विचारायला त्याच्यावरच फोन करतो. त्यामुळे स्वयंपाकघरात एक चार्जर, बैठकीत दुसरा आणि पर्समध्ये पॉवर बँक असा बंदोबस्त मी वर्षभर सांभाळला. तरीही यंदा एप्रिलमध्ये, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आंब्याची डाळ आणि पन्हे किती माणसांचे हवे हे एक ताई सांगत असतानाच फोन हातात मिटला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी दुसरीकडे सांगून टाकले होते.

फोन दोन वर्षांचा, मध्यम किमतीचा, अँड्रॉइड १४ वर चालणारा आणि ५,००० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचे एकक) बॅटरीचा आहे. जेल रोडवरच्या एका दुकानात तो दाखवला, तेव्हा दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला, ‘बॅटरी गई, मॅडम’ असे सांगितले आणि १,४०० रुपये मागितले. त्याने सेटिंग उघडून पाहिली नाहीत, मी दिवसभरात फोन कशासाठी वापरते हे विचारले नाही आणि बॅटरी गेली हे कशावरून ठरवले तेही सांगितले नाही. मी फोन परत घेऊन घरी आले. सुट्टीसाठी आलेला माझा भाचा संगणक शाखेत शिकतो. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मावशी, बॅटरी बदलायची तर बदल, पण आधी ती खातंय कोण ते तर बघ.” स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या माणसाला हे लगेच पटते. लाडवांचा डबा चार दिवसांत रिकामा होत असेल, तर आपण मोठा डबा आणत नाही, आधी घरात विचारतो.

म्हणून हे परीक्षण कोणत्याही नव्या वस्तूचे नाही. फोनसोबत आधीपासून आलेल्या, पैसे न पडणाऱ्या आणि बहुतेकांनी कधीही न उघडलेल्या ‘बॅटरी’ या सेटिंगचे ते आहे. दोन महिने मी ती रोज वापरली आणि दर रात्री दहा वाजता किती टक्के उरले हे डब्यांच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले. एका वेळी एकच बदल करायचा आणि तीन दिवस तो तसाच ठेवून पुढचा करायचा, हा भाच्याने घालून दिलेला नियम मी (एक अपवाद वगळता, त्याबद्दल पुढे लिहिले आहे) पाळला. सगळे बदल एकाच दिवशी केले असते, तर कशामुळे फरक पडला हे कळले नसते.

आधी बॅटरीची मर्यादा समजून घेणे उपयोगाचे आहे. ५,००० एमएएच हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात साठणारी ऊर्जा साधारण १९ वॉट-तास असते, म्हणजे ९ वॉटचा एलईडी बल्ब तिच्यावर जेमतेम दोन तास चालेल. एवढ्याशा साठ्यावर फोन सकाळपासून रात्रीपर्यंत टिकतो, कारण दिवसातला बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. स्क्रीन बंद झाली की आतला प्रोसेसर जवळजवळ निजतो आणि खर्च अगदी थोडा होतो. म्हणून बॅटरीची सगळी काळजी दोन प्रश्नांवर येऊन ठेपते: जागेपणी फोन किती खर्च करतो आणि झोपेत त्याला कोण उठवते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘बॅटरी वापर’ या पानावर मिळते आणि या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट तेच पान आहे असे माझे मत आहे. तिथे ॲपची यादी दिसते आणि प्रत्येकापुढे टक्के असतात, परंतु टक्के पाहून थांबू नये. ॲपच्या नावावर बोट ठेवले की आत दोन वेळा दिसतात, एक ते ॲप स्क्रीनवर असतानाची आणि दुसरी ते पाठीमागे, बॅकग्राउंडला चालू असतानाची. पहिली वेळ आपल्या वापराची असते, दुसरी आपल्या नकळत झालेल्या खर्चाची. माझ्या यादीत सर्वांत वर छोटे व्हिडिओ दाखवणारे ॲप होते. रात्री ओटा आवरून झाल्यावर मी ते अर्धा-पाऊण तास पाहते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या क्रमांकावर मात्र फोटोंचा बॅकअप घेणारे, म्हणजे त्यांची प्रत इंटरनेटवर साठवून ठेवणारे ॲप होते, आणि त्याची स्क्रीनवरची वेळ १ मिनिट, तर बॅकग्राउंडची वेळ ३ तास १२ मिनिटे होती. तो आकडा मी दोनदा वाचला. ज्या ॲपला मी दिवसभरात हातही लावला नव्हता, ते तीन तास माझ्या बॅटरीवर बसले होते.

त्यामागची साखळी उलगडायला एक संध्याकाळ लागली, पण ती इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तीच साखळी बहुतेक घरांत असणार. आमच्या नातेवाइकांचे, कॉलनीचे, भिशीचे आणि महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींचे मिळून व्हॉट्सॲपवर माझे अकरा गट आहेत. त्यांवर येणारी प्रत्येक शुभ सकाळ, प्रत्येक व्हिडिओ फोन आपणहून मोबाइल डेटावर उतरवून घेत होता. उतरलेला व्हिडिओ गॅलरीत जात होता. गॅलरीतल्या सगळ्या फोल्डरांचा बॅकअप सुरू असल्यामुळे तोच व्हिडिओ पुन्हा मोबाइल डेटावरून वर चढवला जात होता. म्हणजे मी न पाहिलेली एक चित्रफीत माझ्या बॅटरीच्या खर्चाने एकदा खाली येत होती आणि एकदा वर जात होती. शिवाय रोजच्या भाजीचे मी काढलेले व्हिडिओ निराळेच. उपाय तीन ठिकाणी करावा लागला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ येथे मोबाइल डेटावर आपोआप डाउनलोड होणारे फोटो, ऑडिओ आणि व्हिडिओ यांच्या खुणा काढल्या. गटांतील माध्यमे गॅलरीत दाखवण्याची सोय बंद केली. बॅकअप फक्त वाय-फायवर आणि फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरापुरता ठेवला. या एका दुरुस्तीने वहीतला रात्री दहाचा आकडा जेवढा हलला, तेवढा नंतरच्या कोणत्याही बदलाने हलला नाही.

यादीत तिसरे होते एका दुकानाचे ॲप. कूपन मिळावे म्हणून दिवाळीत उतरवलेले आणि त्यानंतर कधीही न उघडलेले. त्याला मी ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ अशी देऊन बसले होते. ते काढूनच टाकले. ठिकाणाच्या परवानगीबाबत अँड्रॉइड १० पासून ‘फक्त ॲप वापरत असताना’ हा पर्याय मिळतो आणि नकाशा, टॅक्सी, जेवण मागवणे या सगळ्यांसाठी तो पुरेसा आहे. माझ्या फोनमध्ये ‘नेहमी’ परवानगी आता केवळ मुलगी शिकवणीहून निघाल्यावर कुठवर आली हे दाखवणाऱ्या सोयीला आहे, आणि ती मी विचारपूर्वक ठेवली आहे. बॅटरी वाचवायची म्हणून तेवढी खात्री सोडायची माझी तयारी नाही.

आता त्या अपवादाकडे वळते. प्रत्येक ॲपच्या बॅटरीच्या पानावर तीन दर्जे असतात. ‘अनिर्बंध’ म्हणजे पाठीमागे हवे तेवढे काम करण्याची मोकळीक, ‘ऑप्टिमाइझ्ड’ म्हणजे फोन ठरवेल त्याप्रमाणे, आणि ‘प्रतिबंधित’ म्हणजे स्क्रीनवर नसताना काम जवळपास बंद. बॅकअपच्या दुरुस्तीचा गुण पाहून मला हुरूप आला आणि नियम मोडून मी एका बैठकीत जवळजवळ सगळी ॲप प्रतिबंधित करून टाकली. ज्या ॲपवर ऑर्डरी येतात, तेही त्यात गेले. त्या दिवशी बॅटरी खरोखरच उत्तम टिकली आणि संध्याकाळी फोन शांत होता. मला वाटले, आज ऑर्डरी कमी आहेत. आठ वाजायला वीस मिनिटे असताना सहज ते ॲप उघडले, तेव्हा सगळे निरोप एकदम येऊन पडले. त्यांत पाच वाजून पाच मिनिटांनी सुदामा नगरातल्या एका आजींनी लिहिलेला निरोप होता: दात काढले आहेत, पोळी नको, मऊ खिचडी आणि तूप पाठव. त्यांना पोळ्यांचा डबा पोहोचून तास झाला होता. मी लगेच कुकर लावला आणि खिचडी घेऊन स्वतः गेले. आजी काही बोलल्या नाहीत, पण सव्वानऊपर्यंत त्या उपाशी होत्या ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

घरी परतल्यावर मी भाच्याकडून ही व्यवस्था नीट समजून घेतली. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जरवर नसेल, स्थिर पडलेला असेल आणि स्क्रीन बंद असेल, तर तो ‘डोझ’ नावाच्या गाढ झोपेत जातो. त्या झोपेत ॲपना नेटवर्क वापरता येत नाही. ठराविक वेळाने फोन थोडा जागा होतो, साठलेली कामे एकदम उरकून घेतो आणि पुन्हा झोपतो. जसजसा वेळ जातो, तसतशी ही जाग अधिकाधिक अंतराने येते. मात्र तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप या झोपेतूनही आत येऊ शकतो. २०१८ मध्ये नवव्या आवृत्तीत ‘ॲडॅप्टिव्ह बॅटरी’ आली. आपण कोणते ॲप रोज वापरतो, कोणते आठवड्यातून एकदा आणि कोणते क्वचित, हे पाहून फोन त्यांची वर्गवारी करतो आणि क्वचित लागणाऱ्या ॲपला कमी वेळा काम करू देतो. याचा अर्थ असा की ‘ऑप्टिमाइझ्ड’ या मधल्या दर्जात ही बहुतेक काटकसर आधीच होत असते. सगळे काही आपल्या हाताने प्रतिबंधित करण्याची गरज नसते. आता माझ्या फोनमध्ये ऑर्डरींचे ॲप तेवढे अनिर्बंध आहे, खरेदीची आणि खेळांची पाच-सहा ॲप प्रतिबंधित आहेत आणि बाकी सगळी मधल्या दर्जात आहेत. ज्यांच्या फोनवर औषधाची आठवण, दवाखान्याची वेळ किंवा घड्याळाचा गजर एखाद्या वेगळ्या ॲपमधून येतो, त्यांनी ते ॲप प्रतिबंधित करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जागेपणीच्या खर्चात स्क्रीन सर्वांत पुढे असते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला असल्याने दुपारी उजेड वाढवावा लागे आणि मग तो रात्रीही तसाच राहून जाई. ‘आपोआप उजेड’ सुरू केल्यावर पहिले चार-सहा दिवस मी तो हाताने कमीजास्त करत राहिले, पण पुढे फोन माझ्या सवयीला लागला. स्क्रीन आपणहून बंद होण्याची वेळ दोन मिनिटांवरून तीस सेकंदांवर आणली. कणकेच्या हाताने पाककृती पाहताना ती मध्येच मिटते हा त्रास आहे आणि मी तो सोसते. स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे व्हावे तो आकडा १२० हर्ट्झऐवजी ६० हर्ट्झ केल्याने सरकणारी यादी थोडी खडबडीत दिसते, ऑर्डरी वाचण्यात मात्र काही अडत नाही.

डार्क मोडबद्दल, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवण्याच्या सोयीबद्दल, बरेच गैरसमज आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबते. स्क्रीन ओएलईडी प्रकारची असेल, तर काळ्या भागातला प्रत्येक ठिपका बंद असतो आणि तेवढी वीज वाचते. एलसीडी स्क्रीनमध्ये पाठीमागचा दिवा पूर्ण लागलेलाच असतो, त्यामुळे काळ्या रंगाने खर्च जवळपास तेवढाच राहतो. माझी स्क्रीन एलसीडी आहे आणि वहीतल्या आकड्यांत डार्क मोडचा काहीच फरक दिसला नाही. आमच्या ह्यांच्या फोनची स्क्रीन ओएलईडी आहे, तरी तिथेही अपेक्षा बेताचीच ठेवावी. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, स्क्रीनचा उजेड ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते. उजेड पूर्ण असताना मात्र ही बचत ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे भर उन्हात बाहेर फिरणाऱ्याला त्याचा चांगला उपयोग आहे, घरात कमी उजेडावर वाचणाऱ्याला फारसा नाही. डोळ्यांना बरे वाटते म्हणून ठेवायचा असेल, तर अवश्य ठेवावा.

स्क्रीनइतकेच लक्ष मी आता नेटवर्ककडे देते, कारण या बाजूची मला पूर्वी कल्पनाच नव्हती. आमचे घर जुने, जाड भिंतींचे आणि तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघरात सिग्नलची एखादीच काडी दिसते. सिग्नल कमकुवत असला की मनोऱ्यापर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी फोनला अधिक जोर लावावा लागतो आणि तो सतत नेटवर्क शोधत राहतो. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि फोन घेताना मी ते अगत्याने पाहिले होते, पण जिथे त्याचा सिग्नल येतो-जातो, तिथे फोन ५जी आणि ४जी यांच्यात ये-जा करत बॅटरी खर्च करतो. मी सिमच्या सेटिंगमध्ये पसंतीचे नेटवर्क ४जी केले, घरात वाय-फाय आणि वाय-फायवरून कॉलिंग सुरू ठेवले. निरोप, फोन आणि पैशांची देवाणघेवाण यांसाठी ४जी अगदी पुरेसे आहे. मे महिन्यात आम्ही महूवरून जामगेटच्या घाटाने महेश्वरला गेलो, तेव्हा घाटात नेटवर्क जाताच मी फोन विमान मोडवर टाकला आणि खाली उतरल्यावर काढला. मुलीचा फोन तसाच होता. घाटावर पोहोचून नर्मदेत पाय सोडून बसलो तेव्हा दोघींच्या फोनमधला फरक तिने स्वतःच मला दाखवला.

कीबोर्डचे कंपन, फोन उचलताच जागी होणारी स्क्रीन, हलणारा वॉलपेपर हे सगळे मी बंद केले, पण त्यांनी वेगवेगळा असा फरक वहीत दिसला नाही. सूचनांचे तसे नाही. दुकानांच्या सवलतींच्या सूचना दर वेळी स्क्रीन उजळवतात. त्या बंद केल्यावर बॅटरीपेक्षाही माझ्या मनाला अधिक विश्रांती मिळाली.

‘बॅटरी वाचवा’, ‘फोन स्वच्छ करा’ असे म्हणणाऱ्या ॲपबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती घेऊ नयेत. पाठीमागची ॲप मारून टाकणे हे त्यांचे मुख्य काम सांगितले जाते, परंतु अँड्रॉइड १४ मध्ये एखाद्या साध्या ॲपला दुसऱ्या ॲपचे पाठीमागचे काम असे बंद करताच येत नाही, ते फक्त स्वतःचे बंद करू शकते. मग जाहिराती दाखवणे तेवढे उरते. अलीकडे उघडलेली ॲप सारखी वर सरकवून बंद करण्याची सवयही मी सोडली. नेहमीचे ॲप पुन्हा मुळापासून सुरू करायला फोनला जास्त कष्ट पडतात. सासूबाईंना हे अजून पटलेले नाही. त्या दर तासाला सगळे सरकवून टाकतात आणि त्यातच त्यांना घर आवरल्याचे समाधान मिळते.

उष्णतेचा भाग सेटिंगमध्ये मोडत नाही, पण इंदूरच्या उन्हाळ्यात तो टाळता येत नाही. आपल्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणल्या आणि त्या तंत्रज्ञानासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. या बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपलने आपल्या आयफोनसाठी आसपासचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि माझा फोन गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर चार्जिंगला लावलेला असे. आता तो बैठकीतल्या फळीवर, जाड कव्हर काढून चार्ज होतो. बॅटरी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करावी हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरींच्या काळातला आहे. लिथियम-आयनला तळ गाठणेही मानवत नाही आणि सतत शंभरावर राहणेही मानवत नाही. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची जी सोय माझ्या फोनमध्ये आहे, ती मी सुरू केली. यामुळे आज बॅटरी जास्त टिकत नाही, उलट वीस टक्के कमीच मिळतात, पण ती पुढे जास्त महिने चांगली राहते.

या सेटिंगला मी पाचपैकी चार गुण देते. कापलेल्या एका गुणाची कारणे मात्र गंभीर आहेत. प्रत्येक कंपनी याच गोष्टींना निरनिराळी नावे देते आणि निरनिराळ्या कप्प्यांत ठेवते, त्यामुळे एकाच्या फोनवर शिकलेले दुसऱ्याच्या फोनवर सापडत नाही. सेटिंगमध्ये वर असलेल्या शोधाच्या चौकटीत ‘बॅटरी’ लिहिणे हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग. अँड्रॉइडच्या तीन दर्जांखेरीज माझ्या फोनमध्ये ‘ॲप आपोआप सुरू होणे’ अशी कंपनीची वेगळी यादीही आहे. ऑर्डरींच्या ॲपला दोन्हीकडे परवानगी द्यावी लागते, आणि जूनमधल्या अपडेटनंतर त्यातली एक गुपचूप मूळपदावर गेली होती. आजींच्या खिचडीनंतर मी सावध असल्यामुळे ती त्याच दिवशी लक्षात आली, पण ज्याला ही यादी ठाऊकच नाही त्याने काय करावे? फोनची भाषा मराठी केली तर वरची पाने मराठीत येतात, आतली काही इंग्रजीतच राहतात. सासूबाई तिथेच अडकतात. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे बॅटरीची प्रकृती या फोनमध्ये कुठेही दाखवलेली नाही. आयफोनमध्ये मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता शिल्लक आहे हे २०१८ पासून दिसते. तेवढा एक आकडा माझ्या फोनमध्ये असता, तर जेल रोडवर उभी असतानाच मी दुकानदाराला तो दाखवू शकले असते.

वहीतले आकडे असे आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा चार्ज करूनही रात्री दहाला २० टक्क्यांच्या आसपास उरत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी एकदाच ८० पर्यंत चार्ज करून रात्री दहाला ३० च्या आसपास उरतात. वापर तेवढाच आहे, डबे उलट चार वाढले आहेत. स्वयंपाकघरातला चार्जर काढून ठेवला आहे आणि १,४०० रुपये अजून माझ्याकडेच आहेत.

सेटिंगने सगळेच बरे होते असे मात्र मी म्हणणार नाही, कारण घरातलेच उदाहरण समोर आहे. सासूबाईंचा फोन पाच वर्षांचा. त्यावर मी हेच सगळे उपाय केले, तरी तो २५ टक्क्यांवरून अचानक बंद पडे आणि पाठीचे झाकण एका कडेने किंचित उचललेले दिसू लागले. बॅटरी फुगल्याची ती खूण होती. असा फोन दाबू नये, चार्जिंगला लावू नये आणि घरी उघडून पाहू नये. आम्ही तो त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेऊन बॅटरी बदलून घेतली. फुगलेली बॅटरी त्यांनी ठेवून घेतली. आमच्या कपाटात मात्र दोन जुन्या फोनांच्या सुट्या बॅटऱ्या कित्येक वर्षे पडून होत्या. आमच्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो आणि त्यात ई-कचऱ्याचा कप्पा स्वतंत्र आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून, पिशवीवर पेनाने ‘बैटरी’ असे हिंदीत लिहून सासूबाईंनी ती गाडीवरच्या मुलाच्या हातात दिली आणि त्याने ती योग्य कप्प्यात टाकेपर्यंत त्या फाटकातून हलल्या नाहीत.